उठवू नये

पहाटेचे पावणेपाच. रात्रपाळीची सिस्टर दाराजवळच्या स्विचबोर्डवरून हात फिरवते आणि वॉर्डातल्या आठही ट्यूब एकदम लागतात. कुणी चादर डोक्यावर ओढून घेतं, कुणी 'काय झालं, काय झालं' म्हणत उठून बसतं, खाली चटईवर आडवे झालेले नातेवाईक आपापली वळकटी गुंडाळू लागतात. रक्ताच्या नमुन्यांचा ट्रे, थर्मामीटरचा ट्रे, मागून पोछा घेतलेल्या मावशी. 'चला, उठा, तोंड धुऊन घ्या.' ज्याला रात्री तीनला कुठे डोळा लागला होता तोही उठतो. ती सिस्टर मीच होते. एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत काढली, त्यातली शेवटची नऊ परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर म्हणून. पावणेपाचला जिनं दिवे लावले नाहीत तिला मी बोललेही आहे.

एकदा एका विद्यार्थिनीनं विचारलं, 'मॅडम, पावणेपाचच का?' मी ठसक्यात म्हटलं, 'तसा नियम आहे.' नियम कुठलाच नव्हता. साहेबांचा राउंड नऊला. राउंडच्या आधी रिपोर्ट हातात हवेत, म्हणून लॅबला नमुने सातच्या आत हवेत, आणि पंधरा-वीस जणांचं रक्त एकटीनं काढायचं तर पाचला सुरुवात हवी. राउंडच्या वेळी फरशी ओली नको, म्हणून पोछा पहाटे. आठला हॅन्डओव्हर, तेव्हा स्पंजिंग, चादरी, लघवी-पाण्याची बेरीज त्याआधी उरकलेली हवी. एकेक गोष्ट घेतली तर प्रत्येकीला कारण आहे. सगळ्या मिळून मात्र माणसाच्या रात्रीचा शेवटचा तुकडा कापून टाकतात. आणि झोपेचं गणित असं, की स्वप्नांची झोप बहुतांशी या शेवटच्या तुकड्यातच असते. सुरुवातीच्या तासांत गाढ झोप, पहाटे स्वप्नं. सुमारे दीड-दीड तासाची ही आवर्तनं असतात. मधेच उठवलेला माणूस सोडलेल्या पानापासून पुढे वाचावं तसा पुन्हा झोपत नाही. त्याला बहुधा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

रुग्णाच्या कागदांवर जेवणाला जागा असते, लघवीला असते, शौचाला असते. सलाईन किती गेलं, नळीतून किती आलं, सगळं मिलिलिटरमध्ये. झोपेला रकाना नसतो. संडास झाली का हे आम्ही रोज नेमानं विचारतो आणि उत्तर लिहून ठेवतो. झोप लागली का हेही विचारतो, पण ते 'कसं काय, बरंय ना'च्या सुरात, पुढच्या कॉटकडे सरकता सरकता. चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले. त्यातल्या पहिल्यासाठी आमच्याकडे डाएटिशियन आहे, स्वयंपाकघर आहे, गाडा आहे. दुसऱ्यासाठी फक्त एक गोळी आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. रुग्णाची झोप ही परिचारिकेच्या कामातली बाब आहे, आणि ती राखायची तर परिचारिकेला एक अधिकार लेखी मिळाला पाहिजे: प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला रात्री न उठवण्याचा. आज तिच्याकडे उठवण्याचा अधिकार आहे, न उठवण्याचा नाही. रात्री दोनचा रक्तदाबाचा रकाना रिकामा राहिला तर सकाळी खुलासा तिलाच द्यावा लागतो. रकाना भरला आणि माणूस रात्रभर जागा राहिला, तर कुणालाच काही विचारलं जात नाही.

'झोपेचं काय एवढं, घरी गेल्यावर झोपेल की,' हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे, नर्सेसच्याही आणि नातेवाइकांच्याही. शिकागो विद्यापीठाच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं होतं. एवढ्यावर त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद ठळकपणे उतरली. ते धडधाकट होते, रुग्णालयात नव्हते, कुणी त्यांना सुया टोचत नव्हतं. आता आपल्या मेडिसिन वॉर्डातली मधुमेही बाई डोळ्यांसमोर आणा. पाच रात्री तुटक झोप, रोज शुगर चढलेली, रोज इन्सुलिनचे युनिट वाढवलेले. जखमेचं, जंतुसंसर्गाचं, स्टिरॉइडचं कारण असेलच. पण त्या यादीत झोप कधी कुणी धरली नाही. मीही नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे म्हातारी माणसं बरळायला लागतात ती. नाव मोठं आहे, डिलिरियम. वॉर्डात त्याला 'आजोबा सैरभैर झाले' म्हणतात आणि घरचे हळूच 'काही बाहेरचं तर नाही ना' असं विचारतात. माझ्या वॉर्डात एक शेतकरी आजोबा होते, खुब्याचं हाड मोडून आलेले. ऑपरेशन उत्तम झालं. तिसऱ्या रात्री त्यांनी बैलांना हाका मारायला सुरुवात केली. सलाईन ओढून काढलं, उतरायला निघाले. आम्ही इंजेक्शन दिलं आणि गॉझच्या पट्टीनं हात कॉटला बांधले. त्या काळी हे सर्रास चालायचं, अजूनही चालतं. सकाळी मी त्यांचा कागद उलटून पाहिला. तीन रात्रींत सलग दोन तास त्यांना कुणी सोडलं नव्हतं. दर चार तासांनी टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वास, मध्ये अँटिबायोटिक, शेजारच्या कॉटवर मध्यरात्री नवा पेशंट, त्याच्यासाठी सगळे दिवे. चष्मा लॉकरमधल्या पिशवीत. कॉटच्या वर चोवीस तास पेटलेली ट्यूब, त्यामुळे दिवस कुठला नि रात्र कुठली याचाही पत्ता नाही. आजोबा वेडे झाले नव्हते. आम्ही त्यांना तिथवर आणून सोडलं होतं.

हे टाळता येतं याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. शेरॉन इनोये यांनी सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीची शुश्रूषा. दुसऱ्या गटाच्या बाबतीत झोप, पाणी, चालणं-फिरणं, चष्मा, कानाचं यंत्र, माणसाशी बोलून त्याला वेळ-जागेचं भान देणं यांकडे ठरवून लक्ष. पहिल्या गटात १५ टक्के लोकांना भ्रम झाला, दुसऱ्यात ९.९ टक्के. झोपेसाठी त्यांनी काय केलं? निजताना काहीतरी गरम प्यायला दिलं, पाठ चोळली, शांत संगीत लावलं, रात्रीचा आवाज कमी केला आणि औषधांच्या, तपासण्यांच्या वेळा झोपेला सांभाळून बसवल्या. यंत्र एकही नाही. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि जरा लाजही वाटली, कारण निजण्यापूर्वीची शुश्रूषा आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेली होती. तोंड धुवून देणं, चादरीच्या चुण्या काढणं, पाठीला स्पिरिट-पावडर लावून चोळणं, उशी पालटणं, पॉट देऊन घेणं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवणं. परीक्षेत त्याला मार्क होते. नोकरीत आल्यावर ते कुठे गेलं, कळलंही नाही.

आता उठवण्याविषयी. इथे मला आमच्याच धंद्यातली एक गोष्ट उघड करायची आहे. रात्री दोनला आपण रुग्णाला रक्तदाबासाठी उठवतो, थर्मामीटरसाठी उठवतो. नाडी पाहतो. चौथा रकाना श्वासाचा. तिथे काय लिहिलेलं असतं? वीस. पहिल्या कॉटचा वीस, पाचव्याचा वीस, न्यूमोनियाचा वीस, हर्नियाचा वीस. कुठल्याही वॉर्डातले जुने कागद काढा, पानंच्या पानं वीस सापडतील. श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं, ते कुणी राहत नाही. आणि माणूस बिघडायला लागला की सगळ्यांत आधी बदलणाऱ्या गोष्टींमध्ये श्वास असतो. म्हणजे ज्यासाठी उठवावं लागतं ते आपण इमानानं करतो आणि ज्यासाठी मुळीच उठवावं लागत नाही, उलट झोपलेल्या माणसाचाच जे सगळ्यांत चांगलं मोजता येतं, ते अंदाजानं ठोकून देतो.

न उठवणं म्हणजे न बघणं नव्हे, हे यासाठी सांगावं लागतं. कॉटच्या पायथ्याशी मनगटावरचं घड्याळ घेऊन एक मिनिट उभी राहिलेली नर्स पुष्कळ काही बघते. छाती किती वर-खाली होते, नाकपुड्या फुलतात का, ओठांचा रंग, कपाळावरचा घाम, कूस बदलली का, सलाईनचा हात सुजलाय का. टॉर्चचा झोत फरशीवर किंवा भिंतीवर मारला तर तेवढ्या उजेडात हे सगळं दिसतं. डोळ्यांवर मारावा लागत नाही.

आणि कुणाला झोपू द्यायचं नाही, हे तर या कामाचं अर्धं अंग. झोप आणि ग्लानी यांतला फरक ओळखणं ही नर्सची खरी परीक्षा आहे. डोक्याला मार लागलेला पेशंट, नातेवाईक म्हणतात 'शांत झोपलाय', त्याला ठरलेल्या वेळी हाक मारून उठवायचंच, चार वेळा कुरकुरला तरी. ऑपरेशन होऊन पहिले काही तास. मॉर्फिनसारखं औषध सुरू असलेला माणूस मोठ्यानं घोरतोय, तर ते सुखाचं घोरणं समजायचं नाही. आधी श्वास मोजायचे. दम्याच्या अटॅकनं रात्रभर धापा टाकणारा अचानक पेंगायला लागला, तर तो बरा होत नाहीये, थकत चाललाय. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासाच्या जुनाट आजाराच्या आजोबांना कुणी ऑक्सिजन भसाभसा वाढवून ठेवला आणि ते गुंगले, तर डॉक्टरांना बोलवायचं. मधुमेही बाई घामानं भिजून 'झोपली' असेल तर आधी शुगर. खेडेगावातल्या दवाखान्यात काम केलेल्या कुणालाही मण्यारीचं सांगायला नको. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, चावल्याचं धड कळतही नाही, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून घेऊन येतात, आणि पापण्या मिटायला लागल्या की घरचे म्हणतात, 'रात्रभर जागा आहे, आता डोळा लागतोय.' तो डोळा लागत नसतो, विष चढत असतं. अशा रुग्णाकडे पाठ फिरवून 'झोपू दे बिचाऱ्याला' म्हणणारी नर्स मला माझ्या वॉर्डात नको.

म्हणून हा निर्णय सरसकट फतव्याने व्हायचा नाही. संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांनी प्रत्येक कागदावर एक ओळ लिहावी: रात्री अकरा ते पाच, स्थिर असल्यास उठवू नये, किंवा उठवून तपासावे. जशी 'उपाशी ठेवावे' ही ऑर्डर असते तशीच ही. ऑपरेशनचा चौथा दिवस, ताप नाही, उद्या-परवा घरी जायचं, अशा माणसाचा रक्तदाब रात्री दोनला बघून आजवर मला काय मिळालं? प्रामाणिकपणे सांगते, एक चिडलेला माणूस. आणि चिडल्यामुळे वाढलेला रक्तदाब. तो कळवला की डॉक्टर म्हणणार, अर्ध्या तासानं परत बघा.

औषधांच्या वेळांचं तर आणखी सोपं आहे. दिवसातून दोनदा द्यायचं इंजेक्शन रात्री बाराला का दिलं जातं? कारण पेशंट दुपारी बाराला ॲडमिट झाला, पहिला डोस बाराला गेला, म्हणून दुसरा रात्री बाराला, आणि मग डिस्चार्ज होईपर्यंत बारा-बारा. कुणी ठरवलेलं नाही, ॲम्ब्युलन्स किती वाजता पोचली त्यावर ठरलं. डॉक्टरांना विचारून पुढचा डोस दहावर आणला की पुढच्या साऱ्या रात्री सुटतात. लॅसिक्सची, म्हणजे लघवी वाढवणारी, दुसरी गोळी रात्री आठला दिली तर त्या आजी रात्रभर संडासच्या वाऱ्या करणार, आणि ओल्या फरशीवर पडल्या की फ्रॅक्चर. तीच गोळी दुपारी तीनला दिली तर संध्याकाळी मोकळ्या होतात. स्टिरॉइड दिवसातून एकदाच असेल तर सकाळी. यात डॉक्टरांच्या ज्ञानाला आव्हान कुठेच नाही. त्यांना हे माहीत असतं; फक्त रात्री दोनचा वॉर्ड त्यांनी पाहिलेला नसतो. औषधाचा कागद आणि रात्र, दोन्ही एकत्र बघणारी एकटी नर्सच असते. तिनं हे सुचवायचं नाही तर कुणी? पण आपल्याकडे नर्सनं वेळ बदलायला सुचवलं की 'सिस्टर, तुम्ही ट्रीटमेंट ठरवणार का?' असा एक सूर येतो. त्या सुराचा मला आजही राग येतो, निवृत्त होऊनही.

उरली गोळी. 'सिस्टर, झोपेची गोळी द्या ना,' ही रात्री साडेदहानंतरची सगळ्यांत मोठी मागणी. देणं सोपं, कारण मग तो कॉट शांत. पण सत्तरीच्या माणसाला अल्प्राझोलम देऊन मिळते ती बहुधा उसनी झोप. उतरताना पाय लटपटतात, सकाळी डोकं जड, कधी गोंधळ आणखीच वाढतो, श्वासाचा आजार असेल तर धोका वेगळाच. गोळी कधीच नको असं मी म्हणत नाही. गोळीच्या आधी नर्सनं विचारायचे प्रश्न असतात. दुखतंय का? भूल उतरल्यावर दुखणं रात्रीच डोकं वर काढतं. वेदनाशामक नऊला द्यायचं राहिलं आणि माणूस दोनला कण्हायला लागला, की मग दोघांचीही रात्र गेली. पोट गच्च आहे का, लघवी तुंबली आहे का, प्लास्टर कुठे टोचतंय का, खाज सुटली आहे का.

आणि एक प्रश्न, जो विचारायला संकोच वाटतो पण विचारलाच पाहिजे: रोज घेता का? पंचेचाळीस-पन्नाशीचा माणूस, पाय मोडून आलेला, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री झोप उडालेली, हात थरथरताहेत, घाम, भिंतीवर किडे दिसताहेत. दारू अचानक तुटल्याचं ते लक्षण आहे, त्यातून फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. घरच्यांनी लपवलेलं असतं. ॲडमिशनच्याच वेळी, बायको जवळ नसताना, आवाज न चढवता विचारलं तर सांगतात. म्हाताऱ्या बायकांचं वेगळं. मिश्री बंद झाली की त्यांना सकाळी पोट साफ होत नाही आणि रात्री डोळा लागत नाही. मिश्रीचं कौतुक मला नाही, पण अस्वस्थतेचं कारण कळलं तर निदान गोळी वाढवत बसणार नाही.

भीती हे आणखी एक कारण, आणि तिच्यावर औषध फार स्वस्त आहे. उद्या ऑपरेशन आहे, म्हणजे नेमकं काय होणार, भूल पाठीत देणार का, मी मध्येच जागा झालो तर? रात्री नऊला कॉटच्या कडेला दोन मिनिटं टेकून 'उद्या साडेसातला मी तुम्हाला स्ट्रेचरवर घेईन, मग असं होईल, मग तसं होईल' एवढं सांगितलं की माणूस सैल पडतो. उभ्या उभ्या सांगितलेलं पोचत नाही, हे मात्र अनुभवानं सांगते. टेकलं पाहिजे. कधी काळजी आजाराची नसतेच. घरी गाय एकटी आहे, धाकटी पोर शेजाऱ्यांकडे आहे, पैसे भरायचेत. दोन मिनिटांत आपण काही गाय बांधत नाही, पण कुणाला तरी सांगितलं एवढ्यानंही पापणी जड होते.

घरच्या उपायांना आमच्याकडे उगाच हसतात. निजताना तळपायाला तेल, काशाच्या वाटीनं तूप घासणं, पाय चेपणं. नातेवाइकांना काहीतरी करायचंच असतं, ते त्यांना करू द्यावं; लेकीनं पाय चेपले की आईला झोप लागते, याला कुठला पुरावा मागायचा? फक्त नर्सनं दोन गोष्टी आधी बघाव्या. एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर अजिबात चोळू द्यायचं नाही. शिरेत गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आणि मधुमेहानं तळपाय बधिर झालेला असेल तर वाटी जोरात घासू द्यायची नाही; साल निघालेलं त्यालाच कळणार नाही.

आवाजाचं काय? कायद्यानं रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. २००० सालच्या नियमांप्रमाणे तिथे रात्री आवाजाची मर्यादा ४० डेसिबल. मिरवणुकीतला डीजे दारावरून गेला की आपण सगळे तावातावानं बोलतो आणि ते बरोबरच आहे. पण डीजे वर्षातले काही दिवस. बाकीच्या रात्रींचा आवाज आमचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली वॉर्डासाठी रात्री ३० डेसिबल सुचवले होते, म्हणजे जवळजवळ कुजबुज. आमच्याकडे औषधाच्या ट्रॉलीचं एक चाक सहा महिने किंचाळत होतं. दुरुस्तीची मागणी तीनदा लिहून दिली. शेवटी मी घरून शिवणयंत्राचं तेल नेलं आणि चार थेंब सोडले. सहा महिने, पस्तीस माणसं, चार थेंब. स्टीलचं ट्रे-झाकण आपटणं, कॉटची कठडी खाडकन पाडणं, एका टोकावरून दुसऱ्या टोकाला 'मावशी, पॉट द्या' म्हणून ओरडणं, नर्सेस टेबलावरच्या गप्पा. आणि अलीकडे मोबाइल. नातेवाईक रात्री एकला रील बघत बसतात, आवाज पूर्ण मोठा. मी जाऊन सांगितलं की रागावतात, म्हणून मी एक युक्ती काढली होती. पूर्ण वॉर्डाला सांगायचं नाही, त्यांच्याच पेशंटचं नाव घेऊन सांगायचं: 'काकांना आत्ताच झोप लागलीय, तेवढं बघा.' लगेच बंद करतात.

दरवर्षी १२ मे ला आम्ही मेणबत्त्या लावून फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या नावानं शपथ घेतो. या बाईनं १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, त्यात आवाजावर अख्खं प्रकरण आहे. रुग्णाला झोपेतून कधीही, मुद्दाम किंवा चुकून, उठवायचं नाही, हे तिथे तिनं जवळपास पहिल्या अटीसारखं मांडलंय. दाराबाहेरची कुजबुज, झग्यांची सळसळ, यांवरही ती भांडली. दीडशेहून जास्त वर्षं आपण तिचा दिवा तेवढा उचलला. आणि ती दिवा घेऊन फिरायची, आठ ट्यूब लावून नाही.

आता जो आक्षेप प्रत्येक नर्सच्या ओठावर आला असेल तो. 'मॅडम, पाठ कधी चोळायची? चाळीस पेशंट आणि मी एकटी.' खरं आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे जनरल वॉर्डात अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी, इतरत्र पाचांमागे एक. रात्रपाळीला हा आकडा मोठ्यानं वाचला तर लोक हसतील. मनुष्यबळ न देता नर्सेसना झोपेचं नवं रजिस्टर भरायला लावणं, हा मला या लेखाचा सगळ्यांत वाईट परिणाम वाटेल. कुणी प्रशासक हे वाचून 'निद्रा नोंदवही' छापायला टाकणार असेल तर त्यानं कृपया हा लेख विसरून जावा.

पण बघा, यातलं निम्मं तरी काम वाढवणारं नाही, घटवणारं आहे. स्थिर असलेल्या पंचवीस जणांना रात्री दोनला उठवायचं नाही, म्हणजे तो दीड तास सुटला. बाराचा डोस दहाच्या फेरीतच गेला, म्हणजे एक फेरी वाचली. उठवलेल्या पंचवीस जणांपैकी दहा जणांना मग पाणी हवं असतं, पॉट हवा असतो, 'सिस्टर, आता झोप येत नाही' सांगायचं असतं. तेही वाचलं. वाचलेल्या वेळात ज्या पाचांना खरंच बघायचंय त्यांच्यापाशी नीट उभं राहता येतं. जे नर्सच्या हातात नाही ते प्रशासनाचं आहे आणि ते त्यांनी करावं. लॅबनं ठरावीक तपासण्यांचे नमुने सातनंतर घ्यावेत आणि रिपोर्ट राउंडच्या शेवटी आले तर साहेबांनी थांबावं. पोछा सातनंतर. प्रत्येक कॉटला वेगळा छोटा दिवा, की एका पेशंटच्या सलाईनसाठी चाळीस जण उजळून निघणार नाहीत. रात्री येणाऱ्या नव्या ॲडमिशनसाठी दाराजवळचे दोन कॉट राखावेत. आणि रात्री वॉर्ड सांभाळणाऱ्या मुलीला बारा तासांत कधीतरी अर्धा तास पाठ टेकता येईल एवढी माणसं. पेंगुळलेल्या डोळ्यांनी श्वास मोजता येत नाहीत.

शिस्त ढिली होईल, असं मला एका वरिष्ठ मॅडमनी सांगितलं होतं. 'न उठवायची मुभा दिली की मुली जाऊन बघणारच नाहीत.' भीती खोटी नाही. ज्या वीस-वीस लिहितात त्या 'झोपलेला' हा शब्दही खुर्चीत बसून लिहू शकतात. पण खोटं तर आजही लिहिलं जातंच, वर रुग्णाची झोपही मोडते. न उठवल्याबद्दल एकदा मलाही खुलासा द्यावा लागला होता. हृदयाचा त्रास असलेल्या आजी, पाचवा दिवस, दम उतरलेला, चार रात्रींनंतर पहिल्यांदा उजव्या कुशीवर झोपलेल्या. रात्री दोनला मी रक्तदाब घेतला नाही. सकाळी कागदावर तांबड्या शाईत: 'रकाना रिकामा का? लेखी खुलासा द्यावा.' मी लिहून दिलं की श्वास पूर्ण मिनिट मोजला, १६, नियमित, ओठ गुलाबी, पायांवर सूज कमी, रुग्ण झोपलेली असल्याने उठवले नाही. त्यावर पुढे काहीच शेरा आला नाही, होय नाही की नाही नाही.

पुढे मी परिसेविका झाले आणि तांबडी शाई माझ्या हातात आली. बॉन्डवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या सेवेच्या करारावर आलेली एक मुलगी होती, अबोल, कामाला जरा सावकाश. एका सकाळी तिच्या रात्रीच्या नोंदी चाळत होते. सगळीकडे रकाने भरलेले, एका कॉटपाशी रक्तदाब नाही. पेन उचललं आणि शेजारची ओळ वाचली. 'रात्री २. झोपलेला. श्वास १७. उठवले नाही.'

सतरा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले तर सतरा येत नाहीत. मी पेनाला टोपण लावलं आणि पुढचा कागद घेतला.